मुंबई–न्यूयॉर्क : कागदावरचे अंतर आणि आकाशातली वेळ

अमळनेरहून एका निवृत्त भूगोल-शिक्षकांनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कजवळ नोकरी करतो. डिसेंबरात ते पत्नीसह मुंबईहून थेट विमानाने त्याच्याकडे जाणार असून एप्रिलमध्ये परतणार आहेत. तयारी करताना त्यांना एका ठिकाणी मुंबई–न्यूयॉर्क अंतर १२,५३० किलोमीटर दिसले, तर दुसऱ्या ठिकाणी नुसता ७,७९० हा आकडा आढळला. उड्डाणाचा वेळ एका ठिकाणी चौदा तास दिला आहे. तिकिटावर मात्र जाताना मुंबईहून पहाटे २ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोहोचणे, आणि येताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरणे, असे छापलेले आहे. ते विचारतात की यांपैकी खरे काय मानायचे, जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का पडतो, दिल्ली न्यूयॉर्कला अधिक जवळ असल्याने तिकडून जाणे बरे का, एवढे लांब जाताना विमान अधिकचे भरपूर इंधन का घेत नाही, आणि मुलाने विमानतळावर किती वाजता यावे.

सर, मी जळगाव जिल्ह्यातलाच आहे आणि नोकरीचा बहुतेक काळ मुंबईत एका विमान कंपनीच्या उड्डाण-नियंत्रण कक्षात फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काढला आहे. विमान कोणत्या मार्गाने जाईल, किती उंचीवर उडेल आणि किती इंधन घेईल याचा आराखडा उड्डाणापूर्वी आम्ही तयार करतो, आणि वैमानिक तो तपासून स्वीकारतो. आपण दिलेले सगळेच आकडे बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचे मोजमाप आहे, एवढेच. कोणता आकडा कशाचा, हे एकदा कळले की तिकिटावरच्या वेळांतून निघणारे जाण्याचे सोळा तास आपल्याला घरबसल्या कागदावर काढता येतील.

प्रथम ७,७९० घेऊ, कारण तो सर्वांत सोपा आहे. ते मैल आहेत. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, त्यामुळे हा आकडा १२,५३० किलोमीटर एवढाच होतो. विमान-व्यवहारात याहून वेगळा सागरी मैल चालतो. तो १.८५२ किलोमीटरचा असतो, आणि त्या मापाने हेच अंतर सुमारे ६,७७० भरते. पुढे कुठे हा तिसरा आकडा दिसला तर गोंधळू नये.

आता १२,५३० किलोमीटर कुठून येतात ते पाहू. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर अक्षांश व ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर व ७३.८ अंश पश्चिम येथे आहे. दोहोंच्या रेखांशांत १४६.७ अंशांचा फरक आहे. गोलावरील दोन बिंदूंमधला कोन काढण्याचे जे त्रिकोणमितीचे सूत्र आहे, त्यात ही चार मूल्ये घातली की पृथ्वीच्या केंद्रापाशी ११२.७ अंशांचा कोन मिळतो. बृहद्‌वृत्तावर, म्हणजे गोलावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर (दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट त्यावरूनच जाते), एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून गुणाकार १२,५३० च्या आसपास येतो. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, हे जो हिशेब धरतो त्याचे उत्तर काही किलोमीटरांनी वेगळे येते. तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने प्रवाशाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

हा आकडा बृहद्‌वृत्ताचा आहे हे लक्षात ठेवणे मात्र फार आवश्यक आहे, कारण विमानातल्या पडद्यावर दिसणारी वाकडी रेषा अनेकांना लांबचा वळसा वाटते. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबईवर एक व न्यूयॉर्कवर दुसरे टोक धरून दोरा ताणून पाहावा. न्यूयॉर्क हे साधारण माद्रिदच्या अक्षांशावर आहे, त्यामुळे भिंतीवरचा सपाट नकाशा पाहणाऱ्याला वाटते की अरबस्तान, भूमध्य समुद्र, स्पेन आणि मग अटलांटिक, असा सरळ पश्चिमेचा रस्ता असेल. ताणलेला दोरा मात्र मुंबईतून निघतो तोच उत्तरेकडे झुकून, थोडा पश्चिमेला. तो क्वेट्ट्याच्या परिसरातून तुर्कमेनिस्तानात शिरतो, रशियात व्होल्गा नदी ओलांडतो, हेलसिंकीजवळ फिनलंडच्या आखातावर येतो, आइसलँडवरून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्शून लॅब्राडोरमार्गे अमेरिकेत उतरतो. म्हणजे मुंबईहून अमेरिकेला जाणारी सर्वांत जवळची वाट जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. सपाट नकाशात उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून ही सर्वांत लहान रेषा तिथे कमानीसारखी वाकलेली दिसते.

हे अंतर म्हणजे दोन बिंदूंचा गुणधर्म आहे. जोपर्यंत मुंबई आणि न्यूयॉर्क जागेवर आहेत तोपर्यंत ते बदलणार नाही, आणि म्हणूनच संकेतस्थळांना ते देणे सोपे जाते. प्रत्यक्ष प्रवासाचे अंतर नेहमी याहून अधिक असते. जळगाव आणि मुंबई या दोन ठिकाणांमधले हवाई अंतर ३५५ किलोमीटरांच्या आसपास आहे, पण रेल्वेने मनमाड, नाशिक, इगतपुरी करत कसारा घाट उतरून जाताना तेच सुमारे ४२० होते. आकाशात रूळ नसतात, पण अडथळे असतातच, आणि त्यांतले मोठे अडथळे माणसांनी निर्माण केलेले आहेत.

आपण दोऱ्याने जो मार्ग पाहिला त्यावरचा पहिलाच परदेश पाकिस्तान आहे. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्याचे आकाश बंद होते, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाले. पुढचा अफगाणिस्तान. ऑगस्ट २०२१ नंतर तिथल्या वरच्या आकाशात नेहमीसारखे हवाई नियंत्रण उरले नाही. त्यापुढे रशिया, ज्याने फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपातील अनेक देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, आणि अमेरिकी कंपन्यांचाही तो मार्ग संपला. भारतीय कंपन्यांना ती बंदी लागू झाली नाही. त्यामुळे एकाच विमानतळावरून एकाच शहराकडे जाणाऱ्या दोन विमानांचे मार्ग, केवळ शेपटीवरच्या झेंड्यामुळे, शेकडो किलोमीटरांनी वेगळे असू शकतात. वेळेची तुलना करताना कंपनी कोणत्या देशाची आहे हे आधी पाहावे, असे मी नेहमी सांगतो.

आपण भारतीय कंपनीच्या विमानाने जाणार आहात, असे तिकिटावरून दिसते. पाकिस्तान वगळायचा तर मुंबईहून अरबी समुद्रावरून ओमानकडे, तिथून आखाती प्रदेश ओलांडून तुर्कस्तानाकडे आणि युरोपवरून अटलांटिककडे, असा मार्ग धरावा लागतो. ढोबळ हिशेबासाठी मुंबई–मस्कत–इस्तंबूल–न्यूयॉर्क असे तीन तुकडे घेतले, तर सुमारे १,५८० अधिक ३,३७० अधिक ८,०३० म्हणजे १२,९८० किलोमीटर होतात. एवढा मोठा वळसा दिसतो, पण वाढ जेमतेम साडेचारशे किलोमीटरांची, म्हणजे अर्ध्या तासाची आहे. लांबच्या प्रवासात बाजूला थोडे वळल्याने अंतर फारसे वाढत नाही, हे भूमितीचे म्हणणे इथे प्रवाशाच्या बाजूने उभे राहते. याच कारणाने लंडनला थांबून जाणाऱ्या प्रवाशाचे एकूण अंतर थेट अंतरापेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटरांनी अधिक भरते. मध्ये थांबून जाण्यात जो वेळ जातो तो जवळजवळ सगळा जमिनीवर जातो.

आता दिल्लीचा प्रश्न. कागदावर दिल्ली–न्यूयॉर्क अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा ते पावणेआठशे किलोमीटरांनी जवळ आहे. आपण नकाशावरून काढलेला अंदाज अगदी बरोबर आहे. पण पाकिस्तानचे आकाश बंद असताना दिल्लीच्या भारतीय विमानाला पश्चिमेकडे थेट वळताच येत नाही. ते आधी दक्षिणेला गुजरातेपर्यंत खाली येते आणि मग समुद्रावर जाऊन ओमान गाठते. वरीलप्रमाणेच तुकडे जोडले, म्हणजे दिल्ली–अहमदाबाद–मस्कत–इस्तंबूल–न्यूयॉर्क असे मोजले, तर बेरीज १३,६०० च्या पुढे जाते. दिल्लीला अठराशेहून अधिक किलोमीटरांचा, म्हणजे दोन तासांचा भुर्दंड बसतो, आणि कागदावर जवळची असलेली दिल्ली प्रत्यक्षात मुंबईपेक्षा सहाशे किलोमीटरांहून अधिक लांब पडते. ही बंदी लागू झाल्यानंतर दिल्ली आणि उत्तर अमेरिका यांमधील काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे इंधनासाठी उतरावे लागले, ते यामुळेच. खान्देशातल्या माणसाला मुंबई तशीही सोयीची आहे. आकाश बंद असेल तेव्हा हिशेबही मुंबईच्याच बाजूचा असतो. ते मोकळे असेल तर दिल्लीचा उड्डाणकाळ कमी होईल, पण भुसावळहून दिल्लीला रेल्वेने जाण्याचा वेळ त्यात मिळवला की फायदा शिल्लक राहत नाही.

अडथळ्यांत डोंगर आणि समुद्रही येतात, पण आपल्या मार्गापुरते ते थोडक्यात सांगतो. तिबेटच्या पठारावरून सहसा मार्ग आखत नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक मिनिटांत उतरण्यायोग्य विमानतळ गाठता येईल, असाच मार्ग घ्यावा लागतो. १९५३ च्या अमेरिकी नियमात ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये ती १२० झाली, आणि आजच्या काही विमानांना पाच तासांहून अधिक मुभा आहे. म्हणून हा नियम आता आपल्या मार्गाला फारसा वाकवत नाही.

इथपर्यंत जे सांगितले त्याने जाण्याचे आणि येण्याचे अंतर जवळपास सारखेच राहते. वेळेत दीड तासाचा फरक पाडतो तो वारा. आमच्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडा अधिक वेळ थांबतो.

विमान जमिनीवर चालत नाही, ते हवेत चालते, आणि ती हवा स्वतः चालत असते. पावसाळ्यात दुथडी भरलेल्या तापीत नाव घातली तर वल्ह्यांचा जोर तोच असूनही प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध किती वेगळे अंतर कापले जाते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. मोठे जेट विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने उडते. पस्तीस हजार फुटांवर हवा उणे ५४ अंशांच्या आसपास असते आणि तिथे हा वेग ताशी ९०० किलोमीटर होतो. हा वेग हवेच्या संदर्भात आहे. ती हवा समोरून ताशी ५० किलोमीटरने येत असेल तर जमिनीवरचा वेग ८५० उरतो, आणि मागून ढकलत असेल तर ९५० होतो.

आपण शिकवलेला जेट स्ट्रीम हाच. मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वाऱ्याचा पट्टा आहे. उत्तरेकडची थंड आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्यातल्या तफावतीतून तो निर्माण होतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याला पूर्वेची दिशा मिळते. तफावत हिवाळ्यात सर्वांत मोठी असते, म्हणून तेव्हा वाराही सर्वांत जोरात असतो. त्याच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटर ही नित्याची गोष्ट आहे आणि ३०० चा आकडाही ओलांडला जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा नावाच्या वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, आणि जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरांच्या पुढे गेला होता. त्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. ते आपल्या नेहमीच्याच वेगाने उडत होते, आणि ज्या हवेत ते होते ती हवाच युरोपकडे धावत होती.

म्हणून आम्ही आराखड्यात दोन अंतरे लिहितो. एक जमिनीवरचे आणि दुसरे हवेतले. इंधन हवेतल्या अंतरावर खर्च होते, आणि वेळही त्याच्यावरच ठरते. आपल्याच प्रवासाचे उदाहरण करू. मार्ग १२,९८० किलोमीटर आहे. जाताना संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा समोरचा वारा धरला, तर १२,९८० ला ८५० ने भागून सव्वापंधरा तास येतात. तेवढ्या वेळात विमान हवेतून ९०० च्या वेगाने सुमारे १३,७४० किलोमीटर चालते. येताना तोच वारा मागून आला, तर ९५० ने भागून १३ तास ४० मिनिटे लागतात आणि हवेतले अंतर १२,३०० च्या आसपास राहते. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. परतीचे हवेतले अंतर, मार्गात एवढा वळसा असूनही, पृथ्वीवरच्या सर्वांत लहान रेषेपेक्षाही कमी आहे. पृथ्वीगोलावर दोऱ्याने मोजलेला आकडा पाहून वेळ ठरवणारे गणकयंत्र का चुकते, याचे उत्तर यात आहे. आपल्याला मिळालेले चौदा तास म्हणजे १२,५३० भागिले ९००. त्यात मार्गही नाही आणि वाराही नाही.

जाताना गमावलेला वेळ येताना सगळा परत मिळतो, असा समज असतो. तो बरोबर नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि मागच्या वाऱ्यात कमी. पन्नासच्या वाऱ्याला दोन्ही फेऱ्यांत मिळून पाच-सहा मिनिटेच वाढतात, पण वारा शंभरचा झाला तर तोटा वीस मिनिटांच्या वर जातो.

लांबचा मार्ग कमी वेळात कसा संपतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण भारताचेच आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली. त्या मार्गाचे अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी अधिक होते, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. सरासरी काढली तर ताशी १,०५० किलोमीटरांच्या वर वेग पडतो, म्हणजे सबंध मार्गभर वाऱ्याने सरासरी दीडशेचा हातभार लावला. ज्यांनी तो मार्ग आखला त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. नकाशावरची लांबी विसरून वाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी त्यामागे होती.

आपल्या मार्गावर अटलांटिकचा टप्पा हवामानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथे समुद्रावरचे ठरावीक मार्ग दररोज नव्याने आखले जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे एका वेळेला आणि पूर्वेकडे येणाऱ्यांचे दुसऱ्या वेळेला, असे दिवसातून दोनदा ते जाहीर होतात. पूर्वेकडे येणाऱ्यांना जेट स्ट्रीमच्या पोटात बसवायचे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याच्या उत्तरेने किंवा दक्षिणेने चुकवायचे, हा त्यामागचा विचार असतो. म्हणून डिसेंबरात आपले विमान कधी ग्रीनलँडच्या टोकाजवळून जाईल तर कधी पुष्कळ दक्षिणेकडून. रोजचा मार्ग वेगळा, रोजची वेळही वेगळी. वेळापत्रक मात्र रोज बदलता येत नाही, म्हणून कंपन्या मागील अनेक वर्षांच्या वाऱ्यांचा अभ्यास करून हंगामासाठी एक आकडा ठरवतात. तो बहुतेक दिवशी पुरावा असा थोडा सैलच ठेवलेला असतो. वारा मंद असलेल्या दिवशी विमान अर्धा-पाऊण तास आधी उतरते, त्याचे कारण वैमानिकाने घाई केली असे नसते.

इंधनाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आपण विचारले आहे की एवढे लांब जाताना अधिकचे भरपूर इंधन का घेत नाहीत. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटर, म्हणजे सुमारे १४५ टन इंधन मावते. हे इंधन वाहून नेण्यालाही इंधन लागते. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात दहा टन जादा घेतले तर त्यांतले तीन-चार टन ते ओझे वाहण्यातच संपतात. म्हणून प्रवासाचे इंधन, अनपेक्षित वाऱ्यासाठी राखीव, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके आणि त्यावर आणखी तीस मिनिटे आकाशात थांबण्याइतके, असा हिशेब मांडला जातो आणि त्यात कधीही काटकसर केली जात नाही. हा हिशेब बसला नाही तर सामान कमी केले जाते किंवा वाटेत थांबा घेतला जातो. असा थांबा जाहीर झाला तर घाबरू नये. तो आधीच विचार करून ठरवलेला असतो.

आता सव्वापंधराचे सोळा कसे होतात ते पाहू. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. आमच्या भाषेत तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान मुंबईच्या गेटवरून मागे ढकलले गेले की मोजणी सुरू होते, आणि न्यूयॉर्कच्या गेटवर चाके थांबली की संपते. धावपट्टीपर्यंतची वाट, रांगेतली प्रतीक्षा, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंतचा फेरा यांत मिळून पाऊण तास सहज जातो. जळगाव–मुंबई विमानाने गेलेल्यांना हे ठाऊक असेल. पंख्याचे छोटे विमान ताशी पाचशेच्या वेगाने ३५५ किलोमीटर पाऊण तासात कापायला हवे, पण वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ दिलेला असतो. लहान प्रवासात ही भर ठळक दिसते, मोठ्या प्रवासात ती दडून जाते. सव्वापंधरा तासांत पाऊण तास मिळवला की सोळा झाले, आणि परतीच्या १३ तास ४० मिनिटांत मिळवला की साडेचौदाच्या जवळ आले.

हेच आकडे तिकिटावरच्या घड्याळातून काढून पाहू. डिसेंबरात भारताचे घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असते. पहाटे २ ते सकाळी ७:३० हे दिसणारे साडेपाच तास, त्यांत साडेदहा मिळवले की सोळा. एप्रिलमध्ये मात्र साडेदहा धरून चालणार नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात, त्यामुळे एप्रिलमध्ये फरक साडेनऊ तासांचा राहतो. दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी दुपारी १२ हे चोवीस तास, त्यांतून साडेनऊ वजा केले की साडेचौदा राहतात. पश्चिमेकडे जाताना मिळवायचे आणि पूर्वेकडे येताना वजा करायचे, एवढे लक्षात ठेवले की कोणतेही तिकीट वाचता येते. तारखेचीही एक गोष्ट इथेच सांगतो. पहाटे २ चे विमान ज्या तारखेचे आहे, तिच्या आदल्या रात्रीच आपल्याला मुंबई विमानतळावर असायला हवे. दरवर्षी काही प्रवासी त्या तारखेच्या रात्री येतात आणि विमान वीस तासांपूर्वी गेलेले असते. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते, म्हणजे रात्री ११ ला. अमळनेरहून जळगावला येऊन रेल्वेने जाणार असाल तर सकाळची गाडी धरावी. संध्याकाळी मुंबईत उतरवणाऱ्या गाडीवर विसंबू नये, कारण कसारा घाटात किंवा कल्याणच्या पुढे गाडी दोन तास अडकली तर हातात काही उरत नाही.

मुलाने सकाळी ७:३० ला येण्याची गरज नाही. ती गेटवर थांबण्याची वेळ आहे. त्यानंतर पासपोर्ट तपासणीची रांग, सामानाचा पट्टा आणि सीमाशुल्क यांत तास-दीड तास जातो, आणि सकाळी अनेक देशांची विमाने एकत्र उतरली तर दोनही लागतात. त्याने फोनवर उड्डाण-क्रमांक टाकून विमान प्रत्यक्ष कुठे आहे ते पाहत राहावे. विमान आइसलँड किंवा आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रावर आले की तिथून पुढचा अंदाज सहसा दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने बरोबर येतो, कारण उरलेल्या वाटेवरचा वारा तोवर समजलेला असतो. त्यावेळी दिसणाऱ्या उतरण्याच्या वेळेत दीड तास मिळवून त्याने बाहेरच्या दारापाशी यावे. आपल्या दोघांना तिथून पुढे दुसरे विमान पकडायचे असते तर मी मध्ये किमान तीन तास ठेवण्यास सांगितले असते, कारण अमेरिकेत पासपोर्ट आणि सामानाची तपासणी पहिल्याच विमानतळावर होते आणि सामान हातात घेऊन पुन्हा सोपवावे लागते. आपला मुलगा न्यूयॉर्कलाच घ्यायला येणार असल्याने त्याची आवश्यकता नाही.